उताऱ्याखालची सही

कादंबरीतलं नवं प्रकरण सुरू होण्याआधी कधी कधी पानाच्या माथ्यावर चार-सहा ओळी तिरक्या टाइपात छापलेल्या असतात. खाली एक छोटी आडवी रेघ आणि रेघेपुढे कोणाचं तरी नाव. इंग्रजीत याला एपिग्राफ म्हणतात. आपण या लेखापुरतं ‘माथ्यावरचा उतारा’ म्हणू या. लग्नपत्रिकेवरचा गणपतीचा श्लोक आपण पाहतो, वाचत मात्र नाही. नजर थेट मुहूर्तावर आणि कार्यालयाच्या पत्त्यावर जाते. माथ्यावरच्या उताऱ्याचं नशीब साधारण तसंच. मीही वर्षानुवर्षं तो ओलांडून ‘खऱ्या’ गोष्टीकडे धावत असे.

साध्या कादंबरीत हे खपून जातं. तिथला उतारा बहुधा एखाद्या जुन्या कवीचा नाही तर तत्त्वज्ञाचा असतो. विज्ञानकथेतही असे खरे उतारे सापडतात. अर्सुला ले ग्विनच्या ‘द लेथ ऑफ हेवन’ (१९७१) या कादंबरीत प्राचीन चिनी विचारवंत च्वांग त्झू माथ्यावर येऊन बसतो आणि कादंबरीचं नावही त्याच्या एका इंग्रजी भाषांतरातून उचललेलं आहे. गंमत म्हणजे च्वांग त्झूच्या काळी चीनमध्ये लेथ नव्हताच. चूक भाषांतरकाराची होती, आणि ले ग्विनला ती नंतर कळली.

पण विज्ञानकथेत उताऱ्याची आणखी एक जात आहे: बनावट. जो ग्रंथ कधी लिहिलाच गेला नाही त्यातला परिच्छेद, जो लेखक अजून जन्मायचा आहे त्याच्या नावावर. हा लेख त्या जातीबद्दल आहे. असा उतारा काय काम करतो, कोणत्या क्रमाने करतो आणि कुठे फसतो, हे आपण एकेक टप्पा घेत पाहू. विज्ञानकथा फारशा वाचलेल्या नसल्या तरी अडणार नाही. मात्र दोन जुन्या, गाजलेल्या कादंबऱ्यांची रहस्यं वाटेत फुटतील. ती स्वतः वाचायची असतील तर लेख बाजूला ठेवलेला बरा.

ही युक्ती विज्ञानकथेने शोधलेली नाही, हे आधी सांगून टाकतो. स्कॉटिश कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट ‘द अँटिक्वेरी’ (१८१६) या कादंबरीची प्रुफं तपासत होता. एका प्रकरणाच्या माथ्यावर जुन्या नाटकातल्या ओळी हव्या होत्या, म्हणून त्याने शेजारी बसलेल्या जॉन बॅलंटाइनला त्या शोधायला सांगितल्या. त्या काही सापडेनात. शेवटी वैतागून स्कॉट म्हणाला की तू शोधेपर्यंत मीच नव्या ओळी रचून मोकळा होईन. रचल्या, आणि खाली सही ठोकली: ‘जुने नाटक’. पुढे आठवण दगा देईल तिथे तो हाच मार्ग धरू लागला. ‘द ग्रेट गॅट्सबी’च्या (१९२५) सुरुवातीच्या ओळींखालचा कवीही असाच, तो फिट्झजेराल्डच्याच आधीच्या कादंबरीतलं एक पात्र आहे.

स्कॉटने आळसापोटी केलं ते विज्ञानकथेला गरजेपोटी करावं लागलं. ही गरज कोणती, ते समजलं की पुढचं सगळं सोपं आहे.

पुण्यातल्या वाड्यावर कादंबरी लिहिणाऱ्याला चौक म्हणजे काय, माजघर कुठे असतं, हे समजावत बसावं लागत नाही. वाचक ते घेऊनच आलेला असतो. विज्ञानकथेचा वाचक मात्र रिकाम्या हाताने येतो. तिथे राज्य कोणाचं, पाणी कुठून येतं, माणसं कशाला भितात, सगळंच नवीन. मग नवखा लेखक पात्रांच्या तोंडून माहिती वदवतो. एक शास्त्रज्ञ दुसऱ्याला म्हणतो, “आपल्याला ठाऊकच आहे की दोनशे वर्षांपूर्वी आपले पूर्वज या ग्रहावर उतरले.” ठाऊकच आहे तर सांगतोस कशाला? घरच्या माणसाने घरच्याच माणसाला घराचा पत्ता सांगावा, तसं ते ऐकू येतं.

इथे माथ्यावरचा उतारा पहिलं काम करतो. माहितीचं ओझं तो संवादातून काढून आपल्या डोक्यावर घेतो. उताऱ्यात माहिती दिली तर ती कृत्रिम वाटत नाही, कारण ग्रंथात माहिती असणारच. याचा नमुना आयझॅक आसिमॉव्हच्या ‘फाउंडेशन’मध्ये दिसतो. यातल्या गोष्टी १९४२ पासून मासिकात येत होत्या आणि १९५१ साली पुस्तकरूपाने निघाल्या. त्यात माथ्यावर ‘एन्सायक्लोपीडिया गॅलॅक्टिका’, म्हणजे आपल्या अख्ख्या आकाशगंगेचा ज्ञानकोश, यातल्या नोंदी आहेत. पहिलीच नोंद हॅरी सेल्डन या गणितज्ञाची: जन्म कधी, मृत्यू कधी, कोणत्या ग्रहावर वाढला. एका परिच्छेदात आपण बारा हजार वर्षं जुन्या साम्राज्यात पोचतो.

आता त्या नोंदीखालची तळटीप पाहा. मला स्वतःला ती संपूर्ण पुस्तकातली सर्वांत चलाख ओळ वाटते. ज्ञानकोशातले उतारे ११६व्या आवृत्तीतून, १०२० साली टर्मिनस ग्रहावर प्रसिद्ध झालेल्या प्रतीवरून, प्रकाशकांच्या परवानगीने घेतले आहेत, असं आसिमॉव्ह तिथे नोंदवतो. अस्तित्वात नसलेल्या प्रकाशकाची परवानगी! वाचक हसतो आणि पुढे जातो.

थांबून विचार केला तर त्या तळटिपेत मोठा ऐवज दडलेला आहे. गोष्ट अशी, की साम्राज्य कोसळणार आणि तीस हजार वर्षांचं अंधारयुग येणार, हे सेल्डन गणिताने ताडतो. ते टाळता येणार नसतं. पण एक हजार वर्षांवर आणता येईल, अशी त्याची योजना आहे. ती सफल होते का, हीच पुढची उत्कंठा. आणि तळटीप सांगते की फाउंडेशनच्या, म्हणजे या योजनेसाठी सेल्डनने उभारलेल्या संस्थेच्या, स्थापनेनंतर १०२०व्या वर्षी ज्ञानकोशाची ११६वी आवृत्ती बाजारात आलेली आहे! म्हणजे हजार वर्षं उलटून गेल्यावर कोणीतरी शांतपणे बसून प्रुफं तपासतो आहे. योजनेचं काय झालं याची एवढी मोठी चाहूल लेखकाने तळटिपेत, बारीक टाइपात देऊन टाकली. पुढच्याच गोष्टीत उघड होतं की तो ज्ञानकोश हे सेल्डनने लोकांना कामाला लावण्यासाठी पुढे केलेलं निमित्त होतं. निमित्तमात्र ग्रंथाच्या ११६ आवृत्त्या निघाव्यात, यातला खट्याळपणा दुसऱ्या वाचनातच कळतो.

म्हणून उतारा वाचताना पहिली सवय ही लावून घ्यावी: आधी खालची सही वाचायची. कोणी लिहिलं, कोणत्या ग्रंथात, केव्हा. मजकूर त्यानंतर. आपण बहुतेक जण उलट करतो, मजकूर वाचून सहीवर नजरही टाकत नाही, आणि मग उतारा म्हणजे नुसती सजावट वाटते.

सहीने वाचन किती बदलतं, याचा आपल्याकडचा एक किस्सा सांगण्यासारखा आहे. मराठी विज्ञान परिषदेने १९७४ साली विज्ञानकथा स्पर्धा घेतली तेव्हा जयंत नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने. ज. वि. ना. ही आद्याक्षरं उलटी केली की ना. वि. ज. होतं. आपल्या नावाचं वजन परीक्षकांवर पडू नये, एवढाच हेतू. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. मजकूर तोच, सही वेगळी. ही ताकद ओळखूनच त्यांनी ती काढून ठेवली होती. विज्ञानकथेतला उतारा लिहिणारा हीच ताकद मुद्दाम वापरतो.

पुढचा टप्पा समजण्यासाठी फ्रँक हर्बर्टच्या ‘ड्यून’कडे जाऊ. ही कादंबरी आधी ‘अ‍ॅनालॉग’ मासिकात क्रमशः आली. वीसहून अधिक प्रकाशकांनी नाकारल्यावर १९६५ साली ती छापली चिल्टन नावाच्या, मोटारदुरुस्तीच्या पुस्तकांसाठी ओळखल्या जाणाऱ्या कंपनीने. अराकिस हा वाळवंटी ग्रह, तिथेच मिळणारा ‘मसाला’ नावाचा अनमोल पदार्थ, आणि पॉल आट्रायडीज या सरदारपुत्राचा ‘मुअद्दिब’ नावाचा धर्मनेता होण्यापर्यंतचा प्रवास, असं कथानक.

‘ड्यून’मधल्या प्रकरणांना ना क्रमांक आहेत ना नावं. प्रकरण बदललं हे आपल्याला कळतं ते माथ्यावरच्या उताऱ्यानेच. चाळीसहून अधिक प्रकरणं, आणि बहुतेक उताऱ्यांखाली एकच सही: राजकन्या इरुलान. ग्रंथ मात्र निरनिराळे. एक ‘मुअद्दिबची हस्तपुस्तिका’, एक मुलांसाठी लिहिलेला इतिहास, एक शब्दकोश, एक ‘माझ्या वडिलांच्या घरी’ नावाचं आठवणींचं पुस्तक. बाईंनी कपाटभर लिहिलेलं दिसतं.

इथे काळाचा टप्पा येतो. प्रकरणातला पॉल पंधरा वर्षांचा आहे. उद्या जगेल की नाही याची शाश्वती नाही. माथ्यावर मात्र त्याच्यावर ग्रंथ निघालेले आहेत. एकाच पानावर दोन काळ: वर निवांत, सगळं माहीत असलेला भविष्यकाळ, खाली धडपडणारा वर्तमान. कीर्तनात बुवा निरूपणाचा अभंग आधीच म्हणून टाकतात. तो कुठे पोचणार हे श्रोत्यांना माहीत असतं, तरी कोणी उठून जात नाही, कारण आता रस वाटेत असतो. हर्बर्ट नेमकं हेच करतो.

याचा सर्वांत धीट प्रयोग म्हणजे डॉक्टर युए. आट्रायडीज घराण्यात एक फितूर आहे. दुसरा एखादा लेखक ते नाव शेवटपर्यंत लपवेल. हर्बर्ट ते दुसऱ्याच प्रकरणात शत्रूच्या तोंडून सांगून टाकतो, आणि पुढे एका प्रकरणाच्या माथ्यावर इरुलानच्या शब्दकोशातली युएची नोंद छापतो: उच्चार कसा करावा, शिक्षण कोणत्या वैद्यकशाळेत झालं, पत्नीचं नाव काय, आणि ख्याती कशासाठी, तर मालकाचा विश्वासघात करण्यासाठी. मृत्यूचं साल म्हणून जे छापलंय ते गोष्ट चालू आहे तेच साल. कोरडी, सरकारी वाटावी अशी नोंद. आणि खाली, प्रकरणांमध्ये, हाच डॉक्टर घरच्या माणसासारखा वावरतो आहे, पॉलशी मायेने बोलतो आहे.

परिणाम काय होतो ते नीट पाहा. फितूर कोण, हा प्रश्न संपला. त्या जागी दुसराच प्रश्न आला: इतका भला माणूस हे करणार, ते कशापायी? त्याच्या प्रत्येक वाक्याकडे आपण आता वेगळ्या कानाने लक्ष देतो. नवशिक्या लेखकांचा घोटाळा इथे फार होतो. उताऱ्याने पुढची घटना फोडली की उत्कंठा मरते, असं समजून ते उताऱ्यात काहीच सांगत नाहीत, नुसती धूसर विधानं करतात. उलट, ‘काय होणार’ हे खुशाल सांगावं. ‘कसं’ आणि ‘का’ तेवढं प्रकरणासाठी राखावं.

त्यानंतरचा टप्पा संशयाचा. इरुलान लिहिते ते खरं कशावरून? आपल्याकडे बखरी वाचणारा अभ्यासक पहिल्यांदा विचारतो: कोणी लिहिली, कोणाच्या सांगण्यावरून, घटनेनंतर किती वर्षांनी? सभासदाने शिवछत्रपतींची बखर जिंजीला, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून लिहिली, हे कळल्यावर आपण ती टाकून देत नाही, फक्त जरा जागं राहून वाचतो. ‘ड्यून’चा चांगला वाचकही तसाच जागा होतो. माथ्यावर मुअद्दिब अवतारी पुरुष आहे. खाली तोच घाबरतो, चुकतो, आपल्या नावाने पुढे होणाऱ्या रक्तपाताची दृश्यं पाहून हादरतो. वरचं आणि खालचं जुळत नाही तेव्हा आपल्याला दिसतं की माणसाचा देव कसा केला जातो. हर्बर्टला सांगायचं होतं ते हेच, आणि ते त्याने कोणत्याही पात्राच्या भाषणात न घालता पानाच्या मांडणीतून सांगितलं.

एक उतारा अगदी जवळून बघू. ‘माझ्या वडिलांच्या घरी’ या पुस्तकातली आठवण आहे. इरुलान चौदा वर्षांची. सम्राट वडील एके दिवशी तिचा हात धरून तिला तसबिरींच्या दालनात नेतात आणि पॉलच्या वडिलांच्या, ड्यूक लेटोच्या प्रतिमेपुढे उभे राहतात. वडील अस्वस्थ आहेत, हे तिला जाणवतं. या माणसाची बायको निवडायची वेळ आली तेव्हा तू मोठी असायला हवी होतीस, असं ते म्हणतात. मुलगी मनात ताडते: यांना हा आपला मुलगा असावा असं वाटत होतं, पण राजकारणाने दोघांना वैरी केलं.

एवढंच. पण वाचकाला ठाऊक आहे की ड्यूकचा काटा काढण्याच्या कटात हाच सम्राट सामील आहे. म्हणजे खुनी हळहळतो आहे, आणि ती हळहळ एका चौदा वर्षांच्या मुलीने टिपून ठेवली आहे. सम्राट कादंबरीत प्रत्यक्ष फार थोडा वेळ येतो, तरी तो कागदी खलनायक वाटत नाही, ते अशा उताऱ्यांमुळे. ज्या दालनात कथानक कधी जाणारच नव्हतं, तिथे उतारा आपल्याला नेऊन आणतो. प्रकरणात ही आठवण घालायची तर अख्खा प्रसंग उभा करावा लागला असता.

आणि मग शेवट. इरुलान स्वतः कादंबरीच्या अखेरीस पहिल्यांदा समोर येते. पॉल तिच्याशी लग्न करतो ते सिंहासनासाठी. नावापुरती बायको, ना संसार, ना मूल. प्रेम आहे ते चानी या दुसऱ्या स्त्रीवर. पॉलची आई चानीची समजूत घालताना इरुलानविषयी म्हणते की तिला लेखनाची हौस आहे म्हणे. त्यातच तिने समाधान मानावं, कारण दुसरं काही तिच्या वाट्याला यायचं नाही.

मी पहिल्यांदा ‘ड्यून’ वाचलं तेव्हा उतारे टाळूनच वाचलं होतं. या वाक्यापाशी आलो आणि पुस्तक मिटून पुन्हा पहिलं पान उघडलं. त्या संध्याकाळी फक्त उतारे वाचले, पहिल्यापासून शेवटपर्यंत. हस्तपुस्तिका, शब्दकोश, मुलांचा इतिहास: सगळं त्या बाईने लिहिलेलं, जिला नवऱ्याचं नाव मिळालं आणि नवरा मिळाला नाही. जे थोरवीचं वर्णन वाटत होतं त्यात एकदम एकटेपणा ऐकू येऊ लागला. शब्द एकही बदललेला नव्हता. सही कोणाची आहे, ते आता कळलं होतं.

पुढच्या भागांत हर्बर्टने सही बदलून पाहिली. ‘ड्यून मसाया’ (१९६९) उघडतं ते मृत्युदंडाच्या कोठडीतल्या इतिहासकाराच्या मुलाखतीने. राजवटीला न आवडणारा इतिहास लिहिणाऱ्याचं काय होतं, ते पहिल्याच पानावर समजतं. ‘गॉड एम्परर ऑफ ड्यून’मध्ये (१९८१) माथ्यावर बादशहाच्याच चोरीला गेलेल्या रोजनिशीतली पानं येतात. स्तुती करणारी राणी, फासावर चाललेला अभ्यासक, स्वतः सत्ताधीश: तीन सह्या, आणि तिन्ही पुस्तकांचा सूर वेगळा.

सिनेमावाल्यांना या उताऱ्यांचं काय करावं ते नेहमीच कोडं पडलेलं आहे. डेव्हिड लिंचच्या १९८४च्या चित्रपटात सुरुवातीलाच इरुलान पडद्यावर येऊन माहिती सांगते, आणि ती चक्क निवेदिका वाटते. डेनी व्हिलनव्हने २०२१च्या पहिल्या भागात तिला वगळून चानीच्या आवाजाने सुरुवात केली. २०२४च्या दुसऱ्या भागाची सुरुवात मात्र इरुलानच्या रोजनिशीने होते.

उताऱ्याचे आणखीही प्रकार आहेत, ते झटपट पाहून घेऊ. ऑर्सन स्कॉट कार्डच्या ‘एंडर्स गेम’मध्ये (१९८५) माथ्यावर सहीच नाही, दोन मोठ्या माणसांचा निनावी संवाद आहे. खालच्या प्रकरणात जो लहान मुलगा आहे त्याच्याबद्दल ते बोलताहेत, बंद दाराआड. मुलाला माहीत नाही ते आपल्याला ऐकू येतं. अर्काडी मार्टीनच्या ‘अ मेमरी कॉल्ड एम्पायर’मध्ये (२०१९) एकीकडे प्रचंड साम्राज्याचे दस्तऐवज आणि दुसरीकडे नायिकेच्या चिमुकल्या अवकाशस्थानकाची कागदपत्रं येतात, कधी काव्य, कधी कचेरीतला मजकूर. दोन संस्कृतींचं वजन किती विषम आहे, ते शेजारी ठेवूनच दिसतं.

आता आपणच एक उतारा करून पाहू. समजा, दूरच्या ग्रहावरची एक मराठी वस्ती आहे आणि तिथे पाणी कूपनावर मिळतं. पहिल्या फटक्यात बहुतेक जण असं लिहितील:

“या ग्रहावर पाण्याचे तीव्र दुर्भिक्ष असून प्रत्येक नागरिकास ठरावीक पाणी कूपनाद्वारे देण्यात येते. मृत व्यक्तीचा हिस्सा तेरा दिवसांनंतर बंद होतो. — वसाहतीचा ज्ञानकोश”

माहिती आहे, चूक काही नाही, पण जीवही नाही. हे गॅझेटियर झालं. आसिमॉव्हने ज्ञानकोश वापरला तेव्हा त्याच्या सालात खोच होती. इथे ज्ञानकोश केवळ हाताशी होता म्हणून आला. हीच माहिती त्या वस्तीत कागदावर कुठे उतरली असेल, असं स्वतःला विचारू:

“ज्या घरी मृत्यू झाला असेल त्यांनी मयताच्या वाट्याचे पाणी तेराव्यापर्यंतच उचलावे. चौदाव्या दिवसापासून कूपन रद्द समजले जाईल. सबबी ऐकल्या जाणार नाहीत. — वाटप कचेरीच्या फळ्यावरची सूचना, खालची पेठ”

टंचाई आहे हे कुठे म्हटलेलं नाही, तरी घसा कोरडा पडतो. माणसं इतक्या दूर जाऊनही तेरावा पाळतात, हे आपसूक कळलं. ‘सबबी ऐकल्या जाणार नाहीत’ म्हणजे लोक सबबी सांगत असणार. कोणीतरी मेलेल्याचं पाणी महिनाभर पीत असणार. आणि खालची पेठ आहे म्हणजे वरचीही असेल. तिथे असा फळा लागत असेल का?

आता मजकूर तसाच ठेवून फक्त सही बदलू: “— ‘आपले पूर्वज कसे जगत’, इयत्ता चौथी, धडा सातवा”. एकदम दोन पिढ्या उलटल्या. टंचाई संपली असावी. मुलं वर्गात हे वाचून हसत असतील. खालच्या प्रकरणात कोणी तहानेने तडफडत असेल तर या सहीने ते जास्तच बोचेल. आणखी एकदा बदलू: “— आरोपीच्या खिशात सापडलेला कागद, पुरावा क्रमांक ३”. आता खटला उभा राहिला. तीच तीन वाक्यं, तीन कादंबऱ्या.

मराठीत लिहिणाऱ्याला इथे एक सोय आहे, ती फारशी वापरली जात नाही. आपल्याकडे लेखनाचा थाट नुसत्या वळणावरून ओळखू येतो. ‘उचलावे’ म्हटलं की कचेरी, ‘उचलावं’ म्हटलं की घर. पंचांगाची भाषा निराळी, पावतीची निराळी, ओवीची, बखरीची, शाळेच्या पुस्तकाची निराळी. ‘सदर इसम’ असं लिहिलं की पोलीस चौकीचा वास येतो. सही वाचण्याआधीच उतारा कोणत्या घरातून आला ते कळावं, इतपत हा थाट सांभाळावा.

बहुतेक उतारे फसतात ते इथेच: सगळ्यांचा आवाज एक होतो. सेनापती, आजी, कवी, कारकून, सगळे शाळेच्या फळ्यावरच्या सुविचारासारखे बोलतात. हर्बर्टचं अनुकरण करणाऱ्यांनी त्याची सूत्रमय वाक्यं उचलली आणि इरुलान तिथेच सोडली. खरं सांगायचं तर हर्बर्टचे स्वतःचेही काही उतारे जडजंबाळ आहेत. ते तगतात कारण खाली एक माणूस आहे.

दुसरी अडचण आपल्यासारख्या उतारे टाळणाऱ्या वाचकांची. त्यांच्यावर रागावून उपयोग नाही. ते आहेतच, असं धरून चालावं. कथानक समजायला जे लागतं ते केवळ उताऱ्यात ठेवलं तर हे लोक पन्नासाव्या पानावर हरवतात. प्रकरण उताऱ्यावाचून उभं राहायला हवं. उतारा वाचणाऱ्याला मात्र वर काहीतरी मिळालं पाहिजे, नाहीतर तोही पुढच्या वेळी टाळेल.

तिसरं, पुनरुक्ती. उताऱ्यात म्हटलंय ‘त्या रात्री पूल पडला’ आणि प्रकरणात त्या रात्री पूल पडतो, बस. उतारा प्रकरणाशी जरा तिरका लागावा. पुलाच्या प्रकरणावर पुलाच्या कंत्राटाची निविदा असावी, किंवा दहा वर्षांनी तिथे सुरू झालेल्या नावेचं दरपत्रक.

चौथं म्हणजे दमछाक. पहिल्या पाच प्रकरणांवर झकास उतारे, मग कल्पना आटते आणि तरी प्रत्येक माथा भरायचाच म्हणून काहीही लिहिलं जातं. माथा मोकळा राहिला तर बिघडत नाही. दहा प्रकरणांनंतर एकदम उतारे थांबले, तर त्यालाही अर्थ येऊ शकतो: लिहिणारा कुठे गेला?

लिहून झाल्यावर एक चाचणी घ्यावी. छापील पान समोर ठेवून उताऱ्याखालची सही अंगठ्याने झाकायची आणि मजकूर वाचायचा. मग अंगठा उचलायचा. सही दिसल्यावर मजकूर होता तसाच राहिला, तर ती सही बदलून पाहावी. तीन-चार सह्या बदलूनही काही हललं नाही, तर उतारा काढून टाकावा आणि प्रकरण थेट सुरू करावं.

वाचणाऱ्यासाठी याहून सोपं आहे. ‘ड्यून’ घरी असेल, एकदा वाचून झालं असेल, तर एखाद्या संध्याकाळी फक्त माथे वाचत जा. तासाभराचं काम आहे. तसबिरींच्या दालनापाशी मात्र थोडं थांबा.